डिटेलिंगच्या वर्कशॉपला दिवे लावताना

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी धुऊन-पॉलिश करून तिचा रंग चकचकीत करण्याच्या, वर्कशॉपसाठी दिवे घ्यायचे म्हणून मी पहिला फोन फेब्रुवारीत केला आणि शेवटचा स्विच बसला तो मे महिन्याच्या अखेरीस. दिवे बसवायला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो नेमकं काय घ्यायचं हे ठरवण्यात, नमुने तपासण्यात आणि वीजभाराच्या कागदपत्रांत. ज्यांचं हे काम अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी घडलं तसं क्रमाने लिहितो आहे. किमतीचे आकडे देत नाही, ते जागोजागी आणि महिन्यागणिक बदलतात. पैसा कुठे जास्त गेला आणि कुठे वाचला, ते मात्र सांगतो.

जागा एका गाडीची. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, छत ३ मीटरवर. आधी तिथे गोदाम होतं, त्यामुळे भिंती राखाडी आणि छताला जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट. पॉलिशर, प्रेशर वॉशर आणि कॉम्प्रेसर घेऊन झाल्यावर हातात जे उरलं त्यात दिव्यांचं भागवायचं होतं.

दुकानदारांशी बोलायला लागलो तर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: किती वॅटचे हवेत? वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. तो प्रकाश किती देतो हे लुमेनमध्ये मोजतात, आणि आपल्या बॉनेटवर त्यातला किती पोचतो ते लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. एवढं डोक्यात पक्कं झालं आणि दुकानातलं बोलणं सोपं झालं. वॅटच्या पुढे जाऊन लुमेन सांगू शकणारा दुकानदार आणि न सांगू शकणारा, असे सरळ दोन गट पडले.

मग प्रश्न आला, लक्स किती लागतात? कामाच्या जागी प्रकाश किती असावा याचं एक युरोपीय मानक आहे, ईएन १२४६४-१. त्यात वाहननिर्मितीच्या कारखान्यासाठी रंगकाम आणि पॉलिशिंगच्या खोलीला ७५० लक्स, आणि रंगाची डागडुजी व तपासणी करतात तिथे १००० लक्स दिलेले आहेत. आपलं काम तपासणीच्या जवळचं, म्हणून मी १००० धरले. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स असतात. त्यामानाने हजार म्हणजे काहीच नाही, पण बंद जागेत तेवढे पुरतात.

आता हिशेब. २४ चौरस मीटर गुणिले १००० म्हणजे २४,००० लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश गाडीवर पडत नाही. काही भिंती खातात, काही वर्षभरात दिव्यांवर बसलेली धूळ खाते. भिंती-छत पांढरे असतील तर ०.६ आणि धुळीसाठी ०.८ असे गुणक मी अंदाजाने धरले. दोन्हींचा गुणाकार ०.४८. २४,००० ला त्याने भागलं की ५०,००० लुमेन. चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २,००० लुमेन देते, म्हणजे पंचवीस ट्यूब. त्याच भिंती राखाडी ठेवल्या आणि ०.६ च्या जागी ०.४५ धरला, तर आकडा तेहतीस-चौतीसवर जातो. आठ-नऊ ट्यूब, त्यांची फिटिंग, त्यांची वायर, त्यांचं दर महिन्याचं बिल, हे सगळं एका पांढऱ्या रंगाच्या हातावर वाचत होतं. म्हणून दिव्यांच्या आधी रंगाचा डबा आणला. छताला आणि भिंतींच्या वरच्या भागाला मॅट पांढरा. चकचकीत रंग नको, कारण त्यात ट्यूबची प्रतिबिंबं पडतात आणि ती पुन्हा गाडीत दिसतात. खालचे तीन फूट फिकट राखाडीच ठेवले, कारण तिथे पाणी आणि कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) उडतं.

रंग लावण्याआधी जागामालकांची लेखी परवानगी घ्यावी लागली. छताला भोकं, नवीन वायरिंग, रंग, सगळंच त्यात आलं. त्यांनी विचारलेला एक प्रश्न रास्त होता: जागा सोडताना काय काढून नेणार आणि काय ठेवणार? पत्रात दोन याद्या केल्या. दिवे, साखळ्या, प्लग माझे. पाइप, वायर आणि एमसीबीची (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) पेटी त्यांची. पत्रावर सही व्हायला मार्च उजाडला. भाड्याच्या जागेत काम करणाऱ्यांनी हे पत्र आधी उरकावं, कारण पुढे वीज कार्यालयातही त्याचीच प्रत मागितली गेली.

सही होईपर्यंत रिकामं बसण्यापेक्षा नमुने तपासले. चार निरनिराळ्या ठिकाणांहून एकेक ट्यूब आणली. चारांवरही शुभ्र प्रकाश वगैरे छापलेलं. रात्री बाकी सगळे दिवे बंद करून एकेक लावून पाहिली. समोर भंगारातून आणलेला एक लाल दरवाजा आणि एक काळं बॉनेट.

लाल दरवाजाने पहिला निकाल दिला. दोन ट्यूबखाली तो लाल दिसला, एकीखाली विटकरी आणि एकीखाली चक्क तपकिरीकडे झुकलेला. याचं कारण एलईडीच्या घडणीत आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळसर फॉस्फर चढवतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. स्वस्त फॉस्फरमध्ये गडद लाल जवळपास नसतोच. खोक्यावर जो सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, लिहितात तो आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी असते. गडद लाल हा नववा नमुना, आर९, त्या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० लिहिलेल्या ट्यूबखालीही लाल गाडी मेलेली दिसू शकते. मी सीआरआय ९० च्या पुढचीच घ्यायची ठरवलं आणि आर९ किती ते विचारून घेतलं. उत्तर देणारे कमी भेटतात, पण विचारायला काय जातं?

दुसरी चाचणी फ्लिकरची, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्याची. मोबाइलचा स्लो मोशन लावून ट्यूबकडे धरला की दोघींमध्ये पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असला की साध्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण दिवसभराने डोकं धरतं. आणि आपल्या कामात त्याहून वाईट एक गोष्ट आहे. पॉलिशरच्या पॅडवर मार्करने एक रेघ मारली आणि मशीन हळूहळू मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर नेलं. त्या दोन ट्यूबखाली एकाच्या पाच रेघा दिसू लागल्या आणि त्या जवळजवळ जागीच थांबल्या. पॅड सेकंदाला वीस फेऱ्या मारतंय, दिवा शंभरदा लुकलुकतोय, म्हणून एका फेरीत पाच झलका. फिरतं पॅड थांबल्यासारखं दिसणं म्हणजे बोटं जाण्याची सोय. त्या दोन्ही ट्यूब लगेच बाद. चारांतल्या दोन उरल्या, आणि सर्वांत महाग असलेली त्यांत नव्हती.

तिसरं, रंगाचं तापमान, म्हणजे प्रकाश पिवळट की निळसर ते सांगणारा केल्विनमधला आकडा. ६५०० केल्विन पाहताक्षणी झगझगीत वाटतो आणि ग्राहकालाही तोच आवडतो. पण पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर त्याची निळसर झाक चढते, आणि तिच्यात बारीक ओरखडे बुडतात असा माझा अनुभव. ४००० थोडा पिवळट वाटला. ५००० वर थांबलो. इथे एक सांगून ठेवतो: केल्विनचा आकडा कोणताही घ्या, पण सगळ्या ट्यूब एकाच लॉटच्या घ्या. एकाच आकड्याच्या दोन लॉटमध्येही फरक असतो, आणि पांढऱ्या छपरावर शेजारी शेजारी दोन प्रतिबिंबं पडली की एक हिरवट आणि एक गुलाबीसर दिसतं.

काळ्या बॉनेटने मात्र सगळा बेत बदलायला लावला. उरलेल्या दोन्ही ट्यूब त्याच्यावर धरल्या, मग चार एकत्र धरल्या. बॉनेट सुंदर दिसत होतं. ट्यूबच्या प्रतिबिंबाच्या कडा थरथरलेल्या होत्या, म्हणजे रंगाचा ऑरेंज पील, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, दिसत होता. एके ठिकाणी ती रेघ वाकत होती, तिथे अंगठ्याएवढा पोचा होता. पण ओरखडे? जवळपास नाहीत. हेच बॉनेट सकाळी उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं होतं. मग मोबाइलचा टॉर्च लावला. त्या एवढ्याशा टॉर्चने प्रतिबिंबाभोवती गोल गोल सगळं जाळं उभं केलं.

प्रकाश कमी होता म्हणून ओरखडे दिसत नव्हते असं नाही. प्रकाश पसरलेला होता. सूर्य प्रचंड तेजस्वी आहे खरा, पण आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच असतो, म्हणजे आपल्या दृष्टीने जवळजवळ एक बिंदू. बिंदूतून येणारा प्रकाश ओरखड्याच्या कडेवर आदळून एकाच दिशेने उसळतो आणि भोवतीचा रंग काळा राहतो, म्हणून ओरखडा चमकतो. लांब ट्यूब किंवा मोठं पॅनेल लावलं की चहूबाजूंनी प्रकाश येतो आणि तो फरक भरून टाकतो. म्हणजे छताला कितीही ट्यूब ठोकल्या तरी स्वर्ल मार्क, म्हणजे ते गोल गोल बारीक ओरखडे, दिसणार नाहीत. उलट जितक्या जास्त, तितके लपतील. काम करायचा प्रकाश वेगळा आणि दोष पकडायचा प्रकाश वेगळा. दोन्ही एकाच दिव्याकडून मागण्यात पैसे वाया जातात.

हे कळल्यावर छताला षटकोनी दिवे जोडून लावायचा विषय संपला. त्यांची जाळी छताला फार देखणी दिसते, बॉनेटवर पडलेलं प्रतिबिंब फोटोत भाव खाऊन जातं. ज्यांचा धंदा फोटोंवर चालतो त्यांनी जरूर लावावी. पण तो पसरलेलाच प्रकाश आहे, तुकडे जोडायला सांधे फार, आणि एका वीजजोडणीवर ठरावीक वॅटच चालतात म्हणून मोठ्या जाळीला दोन-तीन ठिकाणी वीज द्यावी लागते. साध्या बॅटन ट्यूब तेवढेच लुमेन बऱ्याच कमी पैशांत देत होत्या. वाचलेल्या पैशांतून हातात धरायचा एक चांगला तपासणी दिवा घेतला. लहान डोक्याचा, सीआरआय ९५ चा, केल्विन बदलता येणारा. सगळ्या खरेदीत सर्वांत समाधान या एका वस्तूने दिलं.

एप्रिल कागदपत्रांत गेला. दिव्यांचा भार खरं तर किरकोळ होता, सगळे मिळून ८०० वॅटच्या आत. पण प्रेशर वॉशर, कॉम्प्रेसर, पॉलिशर आणि व्हॅक्यूम एकदम चालले तर मंजूर भार ओलांडला जात होता, आणि वायरिंग नवीन करतोच आहे तर भारही वाढवून घ्यावा असं वायरमनकाकांचं म्हणणं पडलं. अर्जासोबत प्रत्येक यंत्राचे वॅट लिहिलेली यादी, जागामालकांचं पत्र, परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट आणि जुन्या बिलाची प्रत द्यावी लागली. यादीत वॅट अंदाजाने लिहू नका. यंत्रावरच्या पट्टीचा फोटो काढून तोच आकडा लिहा. माझा अर्ज एकदा परत आला तो कॉम्प्रेसरचा आकडा अश्वशक्तीत होता म्हणून. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, हे तिथल्या कारकुनांनाही ठाऊक होतं, पण रकाना वॅटचा होता. तपासणीला माणूस येईपर्यंत बरीच वाट पाहावी लागली. फोन करून विचारलं की ‘उद्या’ हेच उत्तर. त्या दिवसांत चिडचिड फार झाली, कारण गाड्यांची बुकिंग पुढे ढकलावी लागत होती.

वायरिंग करताना काका दोन गोष्टींवर अडून राहिले आणि दोन्हींबद्दल त्यांचे आभार. पहिली, सगळे दिवे एका स्विचवर नकोत. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतात. सगळे एकदम लावले की बी प्रकारचा एमसीबी पडतो. तो ठरलेल्या प्रवाहाच्या तीन ते पाच पटीला तुटतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला. म्हणून दिव्यांना सी प्रकार आणि चार वेगळे भाग: छत डावीकडचं, छत उजवीकडचं, बाजूच्या भिंती, दारापाशी. त्यांनी हे एमसीबीसाठी केलं, मला त्याचा उपयोग दुसऱ्याच कामी झाला. हातातल्या दिव्याने ओरखडे पाहायचे तर छताचे दिवे बंद करता आले पाहिजेत. स्विचची पेटीही त्यासाठी दारात न लावता गाडीच्या मध्यावर भिंतीला लावली, म्हणजे मशीन खाली न ठेवता कोपराने बंद करता येते.

दुसरी गोष्ट पाण्याची. धुण्याच्या बाजूला त्यांनी साधी फिटिंग लावूच दिली नाही. “प्रेशर वॉशर वर उडणार नाही असं म्हणू नका, उडतंच,” एवढंच म्हणाले. तिथे आयपी ६५ च्या बंद फिटिंग घेतल्या. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलते. पण प्रेशर वॉशरचा झोत त्यावर थेट मारायचा नाही, तेवढी हमी ते मानक देत नाही. शिवाय वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंगची तपासणी. दिव्यांच्या किमतीपेक्षा वायर, पाइप, पेटी आणि मजुरी मिळून जास्त झाली. अंदाजपत्रक करताना हा भाग अर्ध्याहून मोठा धरा.

जुन्या चोकच्या काही फिटिंग चांगल्या होत्या, त्या फेकल्या नाहीत. चोक आणि स्टार्टर काढून थेट वीज दिली आणि थेट विजेवर चालणारी एलईडी ट्यूब घातली. अशा प्रत्येक फिटिंगवर ‘थेट वीज, जुनी ट्यूब घालू नये’ असा स्टिकर लावला आहे. उद्या कुणी दुसऱ्याच माणसाने शिडी लावली तर त्याला कसं कळणार? आणि गाडी रंगवण्याचा बंदिस्त बूथ असेल तर तिथे यातलं काहीच चालत नाही. रंगाची वाफ पेट घेते, तिथे स्फोटरोधक फिटिंगच लागतात.

मेमध्ये बसवणी झाली. छताच्या ट्यूब गाडीच्या बरोबर डोक्यावर न लावता गाडीच्या दोन्ही कडांच्या थोड्या बाहेर लांबीच्या दिशेने लावल्या. गाडीच्या डोक्यावरचा दिवा छप्पर उजळतो, आणि छप्पर हा गाडीचा सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग. भाड्याने आणलेला लक्स मीटर ठेवला, बॉनेटवर हजाराच्या किंचित वर. मोबाइलमधल्या मीटरने त्याच जागी निम्मंच दाखवलं, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. मीटर दरवाजाच्या खालच्या पट्टीला उभा टेकवला तर जेमतेम तीनशे. आडव्या पृष्ठभागाचा हिशेब उभ्या पृष्ठभागाला लागू होत नाही, आणि गाडीचा बराचसा भाग उभाच असतो.

ते भरून काढलं बाजूच्या भिंतींवरच्या दिव्यांनी. हिशेबातल्या पंचवीसपैकी सहा ट्यूब छतावरून कमी करून भिंतींवर नेल्या आणि सहा नव्या आणल्या. एक रांग डोळ्यांच्या वर, खाली झुकलेली. दुसरी गुडघ्याच्या उंचीला, दुधी आवरणाची. आवरण नसलेली ट्यूब त्या उंचीला लावली की खाली बसून काम करताना थेट डोळ्यात जाते. आता दरवाजाच्या खालच्या पट्टीवर सातशेच्या आसपास लक्स मिळतात आणि बॉनेट हजाराच्या जरा खाली आलं आहे. मला ही देवाणघेवाण मान्य आहे.

पहिली गाडी गडद निळी होती. कंपाउंड मारून झाल्यावर छताचे दिवे बंद केले, हातातला दिवा तिरका धरला, आणि मागच्या दरवाजावर होलोग्राम, म्हणजे पॉलिशरच्या फेऱ्यांचे चमकणारे माग, दिसले. पूर्वी ते ग्राहकाला बाहेर उन्हात दिसायचे आणि मला त्याच्या चेहऱ्यावर. पॅड बदलून तेवढा भाग पुन्हा केला. पाहणीचा क्रम आता ठरून गेला आहे: आधी बाजूच्या दिव्यांत पोचे आणि ऑरेंज पील, मग अंधारात हातातल्या दिव्याने ओरखडे, शेवटी सगळे दिवे लावून कंपाउंडचे पांढरे डाग. पॅनेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय मधली पाहणी करत नाही, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते भरून ठेवतं आणि दिवा कितीही चांगला असला तरी फसतो.

संध्याकाळी डोळे चुरचुरायचे ते कमी झालंय. दर महिन्याला ट्यूब कोरड्या फडक्याने पुसाव्या लागतात, पॉलिशिंगची पांढरी भुकटी त्यांच्यावर बसतेच. एक ट्यूब आठवडाभरात गेली. वॉरंटीत बदलून मिळाली, पण त्यासाठी ट्यूबच्या टोपीवर छापलेला लॉट नंबर मागितला आणि तो तीन मीटर वर होता. ट्यूब चढवण्याआधी प्रत्येकीच्या टोपीचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि त्याच लॉटच्या दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा.